तळटीपेतील जन्मठेप

काळे पाणी म्हटले की मराठी समीक्षेला ‘माझी जन्मठेप’ आठवते. अंदमानात स्त्री-बंदिवानही होत्या, हे आठवत नाही. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात तिची जन्मठेप काळे पाणी झाली. पुढे मुदतही घटली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी अवघ्या स्त्रीजातीला दूषणे दिली. ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांनाच जाब विचारला. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये तो ग्रंथ पुन्हा उजेडात आणला. ताराबाईंचा गौरव झाला, तो योग्यच. विजयालक्ष्मी मात्र तळटीपेत उरली. विधवेला पुनर्विवाह नाकारणाऱ्या समाजाने तिला आरोपी केले. तिला केवळ ‘पार्श्वभूमी’ मानणारा वाङ्मयेतिहास तोच निकाल कायम करतो.