देहाच्या पोथींतील ‘ध’ चा ‘मा’

गेल्या महिन्यांत दादरच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्या लिहितात, “आमच्या यजमानांनीं तंबाखू सोडून आठ वर्षें झालीं. आतां हृदयविकार आणि कर्करोग या दोन्ही शत्रूंचें भय उरलें नाहीं, असें समजावें काय?” प्रश्न लहान आहे, परंतु त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. अर्धें उत्तर ‘बहुतांशीं होय’ असें आहे, आणि अर्धें ‘अद्याप नाहीं’ असें आहे. हीं दोन अर्धीं निराळीं कां, हें कळण्यासाठीं देहांतील सूक्ष्म रेणूंचा व्यवहार थोडा पाहिला पाहिजे. मी वैद्य नव्हे. आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविलेला एक निवृत्त मास्तर आहें. परंतु हा प्रश्न माझ्या स्वतःच्या घरांत येऊन गेला आहे. त्या निमित्तानें जाणत्यांस विचारून व वाचून जें समजलें, तें येथें सांगतों.

माझी वडील बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतों, लग्न होऊन रत्नागिरीकडे गेली आणि सासूबाईंच्या हाताखालीं मिशरी लावावयास शिकली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजावी, चुरून डबींत भरावी, आणि सकाळीं ती बोटावर घेऊन दांतांवरून फिरवावी. पुढें बिऱ्हाड गिरगांवच्या चाळींत आलें, पण डबी तशीच राहिली. अक्काच्या मतें हें व्यसन नव्हतेंच. तें दांत घासणें होतें. भावोजींस सिगारेट लागे. एके पहांटे त्यांच्या छातींत कळ आली, सुदैवानें निभावलें. त्याच आठवड्यांत दोघांनीं डबी आणि पाकीट दोन्ही टाकून दिलीं. भावोजी पुढें पंधरा वर्षें चांगले जगले. चाळीचे तीन जिने न थांबतां चढत. अक्काला मात्र डबी टाकल्यानंतर सातव्या वर्षीं खालच्या ओठाच्या आंत, जेथें ती मिशरी धरून ठेवी नेमकी तेथेंच, एक व्रण झाला. पांच महिने तिनें तो डॉक्टरांस दाखविला नाहीं. “दांताचें टोंक लागत असेल. मिशरी तर कधींच सोडली,” असें ती मला म्हणाली, आणि मींही मान डोलाविली.

परळला के. ई. एम. आणि टाटा हीं दोन रुग्णालयें एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. पहिलें १९२६ सालीं सुरू झालें. तेथेंच फेब्रुवारी १९६८ मध्यें डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं एका माणसाचें हृदय दुसऱ्याच्या छातींत बसविण्याची भारतांतील पहिली शस्त्रक्रिया केली. रोगी कांहीं तासच जगला, पण वाट उघडली. दुसरें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. सामान्य माणसाची समजूत अशी कीं, हृदयाचें दुखणें पहिल्याचें व कर्करोगाचें दुसऱ्याचें, आणि या दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. वास्तविक एकाच सिगारेटचा धूर या दोन्ही इमारतींच्या दारांत माणसाला आणून सोडतो. फरक आहे तो कामाच्या तऱ्हेंत.

आधीं कर्करोगाची तऱ्हा पाहूं. मुखाच्या कर्करोगाचा आपल्या मुंबईंतील अभ्यास फार जुना आहे. टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४४ मध्यें ओळीनें आलेल्या १,००० मुखरोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढें १९५५ मध्यें डॉ. संघवी व राव यांच्यासह त्यांनीं असें दाखविलें कीं, तंबाखू चघळणाऱ्यांस मुखाच्या पुढल्या भागांत, तर ओढणाऱ्यांस घशाकडील भागांत हा रोग अधिक होतो. म्हणजे तंबाखू जेथें टेकते तेथेंच घर करते. कां, हें मात्र त्या वेळीं कळलेलें नव्हतें. तें पुढें रेणूंच्या अभ्यासानें कळलें.

आपल्या प्रत्येक पेशींत डी.एन.ए. नांवाची एक पोथी असते. तिची लिपि केवळ चार अक्षरांची: अ‍ॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन व थायमिन. या चार अक्षरांनीं सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर लिहिलेला असतो. पेशी दुभंगते तेव्हां सबंध पोथीची नक्कल केली जाते. हस्तलिखितें वाचणारा मनुष्य जाणतो कीं, नक्कल म्हटली कीं लेखकाचा प्रमाद आलाच. आणि एका अक्षराच्या प्रमादानें काय होतें, हें मराठी माणसाला वेगळें सांगावयास नको. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांस ‘धरावें’ अशी आज्ञा होती, ती कोणीं ‘मारावें’ अशी केली, आणि शनिवारवाड्यांत पेशव्यांचा खून झाला, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतों. कर्करोगाचा आरंभ हा असाच ‘ध’ चा ‘मा’ आहे; फक्त तो पेशीच्या पोथींत होतो.

तंबाखूचीं पानें सुकविलीं व मुरविलीं जात असतां तिच्यांतील निकोटिनसारख्या द्रव्यांपासून नायट्रोसामाइन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. परळच्या कर्करोग संशोधन संस्थेंत डॉ. सुमती भिडे व त्यांचे सहकारी यांनीं मिशरींतील अशाच द्रव्यांचा अभ्यास केला होता. विचित्र गोष्ट ही कीं, हीं द्रव्यें आलीं तशींच राहिलीं असतीं तर एवढा अनर्थ होता ना. परंतु आपल्या शरीराचीं एन्झाइमें त्यांस बाहेर घालविण्यासाठीं मोडूं लागतात, आणि त्या मोडण्यांतूनच अत्यंत चपळ असा एक रेणुखंड सुटतो. तो जाऊन ग्वानिन या अक्षरास मेथिल नांवाचा एक लहानसा ठिपका लावतो. ग्वानिनची जोडी एरव्हीं सायटोसिनशीं जुळते. ठिपका लागला कीं ती थायमिनशीं जुळूं लागते, आणि पुढल्या नकलांत ग्वानिनच्या जागीं अ‍ॅडेनिन येऊन बसतें. झाला ‘ध’ चा ‘मा’!

शरीर हें मुकाट्यानें पाहत बसत नाहीं. पोथी तपासणारे शोधक त्यानें नेमलेले आहेत. त्यांतील एक प्रथिन तर दधीचि ऋषींच्या कुळांतलें म्हणावें असें आहे. तें तो मेथिलचा ठिपका अक्षरावरून उचलून स्वतःच्या अंगावर घेतें, आणि मग स्वतः कायमचें निकामी होतें. एका चुकीस एक प्रथिन, असा हा खर्च आहे. क्वचित् केव्हां चूक झाली तर हा खर्च परवडतो. परंतु रोज सकाळीं, वर्षानुवर्षें, त्याच जागीं तंबाखू येऊन टेकली, तर कांहीं ठिपके नजरेंतून सुटतातच.

सुटलेली प्रत्येक चूक घातक नसते. बहुतेक चुका निरर्थक ठिकाणीं होतात. परंतु कांहीं शब्द मोक्याचे असतात. रास नांवाचें एक जनुक आहे. त्याचें प्रथिन म्हणजे शाळेची घंटा समजा. ‘आतां दुभंगावें’ असा इशारा तें देतें व लगेच गप्प होतें. त्याचें एक ठराविक अक्षर बदललें तर घंटा वाजावयास लागते ती थांबतच नाहीं. परळच्याच संस्थेंतील संशोधकांनीं १९९१ मध्यें तंबाखूमुळें झालेल्या मुखाच्या कर्करोगांत रासच्या मोक्याच्या अक्षरांची तपासणी केली, तेव्हां सुमारे एकतृतीयांश रोग्यांत तीं बदललेलीं आढळलीं. याउलट पी-५३ नांवाचें प्रथिन हेडमास्तरांसारखें आहे. पोथींत चूक दिसली तर तें पेशीचें दुभंगणें थांबवितें. चूक सुधारण्यापलीकडची असेल तर पेशीस मरावयास लावतें. माणसाच्या सर्व कर्करोगांपैकीं जवळजवळ निम्म्यांत या हेडमास्तरांचेंच जनुक बिघडलेलें असतें. घंटा थांबत नाहीं आणि हेडमास्तर जागेवर नाहींत, अशा शाळेची कल्पना वाचकांनींच करावी. एका चुकीनें हें होत नाहीं. अनेक चुका एकाच पेशीच्या वंशांत सांचाव्या लागतात, आणि त्यास दहा, वीस, तीस वर्षें लागतात.

आतां हृदयाकडे वळूं. रक्तवाहिनी म्हणजे नळ, आणि नळांत गाळ बसावा तशी चरबी आंतून बसते, अशी आपली समजूत असते. ती पुरती बरोबर नाहीं. गिरगांवांतील जुन्या चाळीच्या भिंतीस ओल धरते, तो दृष्टांत अधिक जवळचा. रक्तवाहिनीच्या आंतल्या बाजूस पेशींचा एक पातळ गिलावा असतो. तो नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु निर्माण करतो, आणि त्यायोगें रक्तवाहिनी सैल राहते व रक्त गोठून चिकटत नाहीं. हा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांस १९९८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. सिगारेटच्या धुरांतील दाहक द्रव्यें हा वायु नष्ट करतात. गिलावा दुबळा झाला कीं रक्तांतील कोलेस्टेरॉल वाहणारे कण भिंतींत झिरपतात व तेथें खवट होतात. रक्ताच्या पांढऱ्या पेशी त्यांस गिळावयास येतात, गिळून गिळून फुगतात, आणि तेथेंच मरतात. भिंतीस फुगवटा येतो. एके दिवशीं त्यावरचा पोपडा फुटतो, तेथें रक्ताची गुठळी धरते, आणि घटकेपूर्वीं धडधाकट असलेला मनुष्य छाती दाबून खालीं बसतो. धूर न ओढतां तंबाखू चघळणाऱ्यांनींही निर्धास्त राहूं नये. ५२ देशांतील सुमारे २७ हजार लोकांच्या पाहणीचा जो निष्कर्ष २००६ मध्यें प्रसिद्ध झाला, त्यांत चघळणाऱ्यांमध्यें हृदयाच्या झटक्याचा धोका न घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळला.

आतां पत्रांतील प्रश्नाचें उत्तर सोपें होतें. धुरानें गिलाव्याची हानि होते ती बहुतांशीं कामांतील बिघाडाची. तेथें मजकूर बदललेला नसतो, काम अडलेलें असतें. धूर थांबला कीं गिलावा पुन्हां आपला वायु करूं लागतो. म्हणूनच धूम्रपान सोडल्यावर एका वर्षाच्या आसपास हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो, आणि पंधराएक वर्षांत तो कधींच न ओढणाऱ्याच्या जवळ जातो. भावोजींचे तीन जिने ते याच कारणानें. मुखांतील गोष्ट निराळी. वरच्या थराच्या पेशी थोड्या दिवसांत झडून जातात. पण तळाच्या मूळ पेशींत जें अक्षर बदललें तें बदललें, आणि तंबाखू सोडल्यानें तें परत लिहिलें जात नाहीं. नव्या चुका थांबतात, एवढेंच. तेवढेंही थोडें नाहीं, कारण त्यामुळें धोका उतरत जातो. २०२० मध्यें सिगारेट सोडलेल्यांच्या फुप्फुसांची तपासणी झाली, तेव्हां त्यांत जवळजवळ निर्दोष पोथीच्या पेशी पुष्कळ सांपडल्या; निरोगी पेशी हळूहळू आपली जागा परत घेत असाव्यात. परंतु हें काम वर्षांच्या मापानें चालतें, दिवसांच्या नव्हे.

या दोन रोगांची आणखी एक भावकी अलीकडे उघड झाली आहे. उतारवयांत रक्त बनविणाऱ्या पेशींतही अक्षरांच्या चुका सांचतात. सत्तरी ओलांडलेल्या सुमारे दहांपैकीं एकांत त्या आढळतात. यांतून क्वचित् रक्ताचा कर्करोग होतो. पण २०१७ मधील संशोधनानें असें दिसलें कीं, अशा माणसांस हृदयविकाराचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. कारण या चुकलेल्या पांढऱ्या पेशी भिंतींतील दाह वाढवितात. म्हणजे पोथींतील चूक हृदयालाही भोंवते. धूम्रपान करणाऱ्यांत अशा चुका अधिक आढळतात, हें आतां सांगावयास नको.

अक्काच्या खालच्या जबड्याचा व ओठाचा कांहीं भाग काढावा लागला. ती आज आमच्यांत आहे, मऊ भात खाते, देवापुढें बसते. परंतु ‘प’, ‘ब’, ‘म’ हे ओष्ठ्य वर्ण तिला उच्चारतां येत नाहींत. ती मला ‘बापू’ म्हणून हाक मारते, ती ‘आऊ’ अशी ऐकूं येते, आणि मी ‘ओ’ देतों. ते पांच महिने वांचले असते तर काढावा लागलेला भाग लहान असता, असें डॉक्टर म्हणाले. सोडली म्हणजे संपली, या समजुतीची ही किंमत आहे, आणि तिच्यांत माझाही वांटा आहे.

तेव्हां दादरच्या भगिनींस माझें सांगणें असें: यजमानांनीं तंबाखू सोडली, हें फार चांगलें केलें. हृदयापुरतें समाधान माना. रक्तदाब, साखर व चालणें यांकडे मात्र लक्ष असूं द्या. मुखापुरतें, महिन्यांतून एकदां दिवसाच्या उजेडांत आरसा घेऊन बसावें. ओठ उलटून, गाल ताणून, जीभ उचलून पाहावें. पांढरा किंवा लाल चट्टा, गांठ, पंधरा दिवसांत न भरणारा व्रण, किंवा तोंड पूर्वींइतकें न उघडणें, यांतील कांहींही दिसलें तर दुखत नाहीं म्हणून थांबूं नये. आरंभीं तें बहुधा दुखत नाहींच. आणि ज्या घरांत तंबाखू नाहीं पण जेवणानंतर सुपारीचें तबक फिरतें, त्यांनींही आरसा घ्यावा; नुसती सुपारीसुद्धां कर्करोगकारक असल्याचें जागतिक संस्थेनें २००४ मध्यें जाहीर केलें आहे.

घरांत वडील माणसांच्या तोंडांत डोकावणें आपल्याला प्रशस्त वाटत नाहीं, हें मी जाणतों. मलाही वाटलें नव्हतें.