आबालाल कोणाचे?

आपली किती तरी माणसं सीपीआरला पेशंट बघायला येतात. समोरच्या टाऊन हॉलच्या बागेत सावलीला टेकतात, डबा खातात आणि परत जातात. त्याच बागेतल्या वस्तुसंग्रहालयाच्या पायऱ्या मात्र चढत नाहीत. मीही नोकरी लागेपर्यंत कधी चढले नव्हते. ‘ते आपल्यासाठी नाही’ असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी तसंच वाटायचं.

काही वर्षांपूर्वी सातवीचा वर्ग घेऊन तिथं गेले. एका पालकांनी आदल्या दिवशीच हरकत घेतली होती, “पुतळे-तस्वीरा दाखवून काय शिकवणार?” पाहणं वेगळं आणि पुजणं वेगळं, हे मी परोपरीनं सांगितलं. पण त्यांची मुलगी आली नाही. ती चुटपुट अजून जात नाही.

आत आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. खालचं नाव वाचून एक मुलगा हळूच म्हणाला, “टीचर, ये अपने में के हैं?” मी सांगितलं, हो. घराणं कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणारं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, राजर्षी शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. कोटितीर्थाकाठी राहून त्या तलावाची चित्रं काढली आणि १९३१ साली गेले. मुलगा चित्रासमोरून हलेना.

मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. बारा वर्षांच्या पोराला या इमारतीत आपलं कुणी असेल, याचं आश्चर्य का वाटावं? जून २०२३ मध्ये या शहरात जे झालं, त्यानंतर तर तो प्रश्न मला जास्तच टोचतो. शहराच्या इतिहासातून आपल्याला वगळतात, अशी तक्रार आपण करतो. ती खोटी नाही. पण जो इतिहास जपून मांडून ठेवलाय, तो बघायला आपण किती जण जातो?

आणि फक्त आबालालांपुरतंही जाऊ नये. तिथं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या सागरदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आहे. व्यापाराच्या वाटेनं रोमन जगातून पंचगंगेकाठी आलेली. ती तरी कुणाच्या जातीची, कुणाच्या धर्माची? कोल्हापुरात आली, कोल्हापूरची झाली. आबालालही केवळ ‘अपने में के’ नाहीत, सगळ्या कोल्हापूरचे आहेत. तसंच हे सगळं कोल्हापूर आपलंही आहे.

हक्क भाषणांत मागून मिळतो तसा वापरूनही टिकतो. येत्या रविवारी रंकाळ्यावर भेळ खायला जरूर जा. त्याआधी तासभर मुलांना टाऊन हॉलमध्ये न्या. मुलींना तर न्याच.