झिजलेला अंक आणि फोनचा कॅमेरा

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचे वर्ष डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शके ७८२ असे वाचले होते. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असे वाचन मांडले. आज तेच ग्राह्य मानले जाते. एका अंकाच्या फरकाने हे मंदिर दोनशे वर्षे पुढे सरकले. अलिबागजवळील अक्षीच्या शिलालेखाचेही तसेच: कोणी शके ९३४ वाचतो, कोणी ११३२. मराठीतील आद्य शिलालेख कोणता, या वादातील एक मोठा पक्ष त्या अंकांवर उभा आहे.

“प्रोफेशनल फोटो आणि व्हिडिओसाठी कोणता फोन घ्यावा?” हा प्रश्न इतिहासप्रेमी तरुणांच्या गटांत वारंवार येतो आणि उत्तरादाखल मेगापिक्सेलचे आकडे फेकले जातात. ज्याला लग्नसमारंभ टिपायचे आहेत त्याने त्या आकड्यांवर खुशाल भुलावे. ज्याला शिलालेख, वीरगळ, गधेगाळ, मोडी कागद टिपायचे आहेत, त्याच्यासाठी मात्र पहिला प्रश्न निराळा असायला हवा: हा फोन समोर आहे तेच दाखवतो, की स्वतःच्या पदरचे काही मिसळतो?

हा प्रश्न भिवंडी तालुक्यात विशेष टोकदार होतो. राहनाळ, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात गोदामांच्या रांगा पसरल्या आहेत. मुंबई-ठाण्यात ऑनलाइन मागवलेला फोन यांपैकी एखाद्या रॅकवर मुक्काम करून आलेला असण्याची शक्यता बरीच. त्याच तालुक्यात लोनाडचे लेणे आहे, जवळच्या चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख आहे, आणि भादाण्याला सापडलेला अपराजिताचा ताम्रपट शके ९१९ चा. जिथे जमिनीचा तुकडा न् तुकडा सपाट होतो आहे, तिथे शेताच्या बांधावर पडलेल्या एखाद्या अनोळखी दगडाचे कोणीतरी सहज काढलेले छायाचित्र उद्या त्याची एकमेव नोंद ठरू शकते.

अशी नोंद मूळ वस्तूपेक्षा अधिक काळ टिकते की नाही, हे नशिबावर असते. रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याची चित्रे रंगांत उतरवत राहिला. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेल्या त्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ च्या आगीत जळाल्या. त्याआधीच तो कॅमेऱ्याकडे वळला होता आणि १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांचे पुस्तक निघाले होते. तेव्हाची ओल्या काचेची पद्धत जाचक होती: काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच प्रकाशलेखन करायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत काच धुवायची. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिचे सदस्य आणि नावाजलेले छायाचित्रकार होते. या मंडळींची साधने ओबडधोबड असली, तरी काचेवर प्रकाश पडला तेवढेच उमटे. अस्पष्ट ते अस्पष्टच राही आणि ते अस्पष्ट आहे हे पाहणाऱ्याला कळे.

आजच्या फोनमध्ये हाच प्रामाणिकपणा धोक्यात आला आहे. बटण दाबताच फोन अनेक चौकटी टिपतो, त्या एकमेकींत मिसळतो, खरखर पुसतो आणि कडा धारदार करतो. २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र पडद्यावर लावून सॅमसंगच्या एस२३ अल्ट्राने टिपले. फोनने त्यात मुळात नसलेले खळगे भरून दिले. त्याआधी २०१३ मध्ये झेरॉक्सच्या काही यंत्रांत प्रतिमा आकुंचित करताना अंकांची अदलाबदल होत असल्याचे उघड झाले होते. ६ च्या जागी ८ छापून येई, आणि तोही अगदी सुबक. झिजलेल्या ७ आणि ९ पुढे असे यंत्र काय करील, याची कल्पना करावी.

म्हणून निवड करताना रॉ अथवा डीएनजी स्वरूपात चित्र साठवता येते का, हे आधी पाहावे. ती आजच्या काळातील काच-निगेटिव्ह होय. अर्थात काही फोनांची रॉ फाइलसुद्धा अनेक चौकटी मिसळून बनते. तरीही नेहमीच्या जेपेगपेक्षा तिच्यातली ढवळाढवळ कमी असते. त्यानंतर संवेदकाचा आकार. दोनशे मेगापिक्सेलचा फोन बहुधा सोळा-सोळा बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतो; लेण्याच्या अंधारात उपयोगी पडतो तो मोठा संवेदक आणि हात हलला तरी सावरून घेणारे ऑप्टिकल स्थिरीकरण. शिल्पपटासाठी टेलिफोटो भिंग चांगले, कारण अतिविस्तृत भिंग कडेच्या आकृती ताणते. मात्र उजेड कमी झाला की पुष्कळ फोन टेलिफोटो गुपचूप बाजूला ठेवतात आणि मुख्य भिंगाचेच चित्र कापून मोठे करतात. दुकानात भिंगावर बोट ठेवून ही लबाडी पकडता येते: टेलिफोटो झाकल्यावरही चित्र दिसत राहिले, तर समजावे.

चलचित्राची कथा वेगळी. भिवंडीतील यंत्रमाग कामगारांच्या आठवणी ध्वनिचित्रित करणाऱ्याला कॅमेऱ्याहून अधिक गरज बाह्य माइकची असते. मागांच्या खडखडाटात फोनचा स्वतःचा माइक निरुपयोगी ठरतो आणि मागाशेजारी चाललेली मुलाखत आवाजाविना कवडीमोलाची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० शटर ठेवले की लुकलुक टळते. ही सोय नसलेला फोन कितीही महाग असो, या कामाला अपुरा. साठवणुकीचाही विचार हवा: आयफोनवर ४के चित्रण साधारण मिनिटाला १७० एमबी घेते, प्रोरेसमध्ये तेच ६ जीबीच्या घरात जाते.

कोणी म्हणेल, शिलालेखाचे खरे वाचन ठशावरून होते, फोनच्या छायाचित्राला एवढे महत्त्व कशाला? आक्षेप योग्य आहे. ओल्या कागदाचा आणि शाईचा ठसा अजूनही श्रेष्ठच. परंतु ठसा घेणारे हात थोडे आहेत आणि फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. दगड पहिल्यांदा ज्याला दिसतो त्याच्याजवळ बहुतेक वेळा ठशाचे साहित्य नसते.

यावर्षीचा सर्वांत महागडा फोन या कामासाठी घेणे ही उधळपट्टी आहे. दोन वर्षे जुन्या चांगल्या फोनमध्ये वरील बहुतेक सोयी मिळतात. वाचलेल्या पैशांत एक तिपाई, एक विजेरी आणि एक मोजपट्टी येते. विजेरी दगडाच्या बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून धरली की उथळ खाचाही सावलीने उठून दिसतात. चारही दिशांनी एकेक चित्र घ्यावे, मोजपट्टी चौकटीत ठेवावी. आणि मूळ फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नये, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. एरवी चित्र आकसते आणि त्यासोबत स्थळ-काळाची नोंदही पुसली जाते.