कळसूबाईच्या दारातला केर

शनिवारी रात्री मुंबईहून किंवा पुण्याहून निघावे, मध्यरात्र उलटल्यावर अकोले तालुक्यातील बारी गावात उतरावे, विजेऱ्या पेटवून डोंगर चढावा आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखरावरून सूर्योदय पाहून परतीची वाट धरावी, हा परिपाठ आमच्या सुशिक्षित तरुण वर्गात आता चांगलाच रूढ झाला आहे. व्यायाम, साहस आणि सृष्टिशोभा या तिहींचा लाभ एका रात्रीत पदरात पडत असल्याने त्याचे कौतुकही पुष्कळ होते. या कौतुकात आम्हांस सामील होता येत नाही. ते का, हे येथे स्पष्ट सांगावयाचे आहे.

आरंभीच एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः आमच्या विद्यार्थ्यांसमवेत या रात्रीच्या चढाईस गेलो होतो. 1,646 मीटर उंचीच्या त्या माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. पूर्वेस तांबडे फुटले, खाली भंडारदऱ्याचे पाणी उजळू लागले आणि पश्चिमेस अलंग, मदन, कुलंग यांचे कडे अंधारातून एकेक करून वर आले. तो देखावा आम्ही अद्याप विसरलो नाही. परंतु चांगले उजाडल्यावर देवळाच्या मागील बाजूस गेलो, तो तेथे दुसराच देखावा होता. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, खाऊची चकचकीत वेष्टने, कागदी पेले यांचा खच पडला होता, आणि त्यांतील काही जिन्नस आमच्याच मंडळींचे होते. उतरताना वाटेत गावातील एक वयस्क बाई पोते घेऊन त्याच बाटल्या वेचीत होती. "मावशी, हे काम तुमच्याकडे कोणी दिले?" असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "देणार कोण, दादा? तुम्ही घरी जाल. देवी इथंच राहणार ना?"

या उत्तराचा अर्थ ज्यास पुरता कळावयाचा असेल, त्याने कळसूबाईची कथा ऐकावी. कळसू ही एक गरीब मुलगी. ती एका पाटलाच्या घरी चाकरीस राहिली, ती अट घालून: पडेल ते काम करीन, परंतु भांडी घासणार नाही व केर काढणार नाही. पुढे एके दिवशी धन्याने ती अट मोडून तिला त्याच कामास जुंपले. तेव्हा ती घर सोडून डोंगरावर निघून गेली आणि अखेरपर्यंत तेथेच राहिली. कथा खरी की कल्पित, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. दुसऱ्याचा केर काढावयाचा नाही म्हणून जिने माणसांची वस्ती सोडली, तिच्याच दारात आम्ही शिकलेल्या लोकांनी आपला केर नेऊन टाकावा, आणि तो तिच्या गावच्या बायकांनी उचलावा, याहून मोठी विटंबना कोणती?

यावर तीन समर्थने आमच्या कानी आली आहेत. पहिले असे, की डोंगर साऱ्यांचा आहे. मान्य आहे. परंतु जे साऱ्यांचे, त्याची काळजीही साऱ्यांवर नको काय? येथे उपभोग तेवढा साऱ्यांचा आणि काळजी मात्र पायथ्याच्या गावाची, अशी वाटणी झाली आहे. शिवाय हा मुलूख 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. मध्यरात्री आरोळ्या ठोकीत आणि गाणी वाजवीत जाण्याचे ते मैदान नव्हे.

दुसरे समर्थन, गावास चार पैसे मिळतात. मिळतात, आणि ते मिळावेत. चहापोह्यांच्या कमाईवर कित्येक घरांचा संसार चालत असेल, तर तीस नाक मुरडण्याचा अधिकार आम्हां पगारदारांस नाही. परंतु चहाच्या किमतीत गावाची झोप विकत घेतली असे कोणी समजू नये. आणि गावाच्या लाभाचाच कळवळा असेल, तर अंधारात येऊन घाईने परतणाऱ्यापेक्षा एक रात्र मुक्काम करणारा पाहुणा अधिक लाभाचा नव्हे काय?

तिसरे समर्थन आमच्या वर्गाच्या विशेष आवडीचे आहे. "आम्ही भाविक नव्हे, आम्ही निसर्गासाठी जातो." नवरात्रातील यात्रेस जाणारा भाविक अगदी निर्दोष असतो, असे आम्ही म्हणत नाही, प्लॅस्टिकच्या पिशव्या तोही टाकतो. परंतु आपण कोणाच्या दारी उभे आहोत, हे त्यास ठाऊक असते. तो पायांतील वहाणा काढतो, आणि देवीचे नाव घेऊन त्यास दटावता येते. सूर्योदयाच्या या नव्या यात्रेकरूस कोणाचे नाव घेऊन दटवावे? यात्रेतील सगळा आनंद त्याने घेतला, बंधने तेवढी अंधश्रद्धा म्हणून टाकून दिली. आणि निसर्ग तरी त्याने कितीसा पाहिला? बारीची भातखाचरे, महादेव कोळ्यांची घरे, वाटेवरचे रान, हे सर्व त्याने अंधारात मागे टाकले. लोखंडी शिड्यांवर पुढच्याच्या टाचा आणि माथ्यावर तांबडे आकाश, एवढाच त्याचा डोंगर.

यावर उपाय नाही असे नाही. जपानात 3,776 मीटर उंचीचा फुजी पर्वत पवित्र मानला जातो आणि तेथेही रात्रभर चढून सूर्योदय पाहण्याची रीत आहे. 2024 साली यामानाशी प्रांताने योशिदा वाटेवर दिवसास 4,000 माणसांची मर्यादा घातली, शुल्क बसविले आणि संध्याकाळनंतर फाटक बंद केले. वाटेवरील निवाऱ्यात ज्याने आधी जागा राखली असेल, त्यास मात्र मोकळीक ठेवली. सूर्योदय कोणाचाच बंद झाला नाही. विसावा न घेता एका दमात चढण्याची घाई तेवढी बंद झाली.

आमच्याकडेही रात्री किती माणसे वर जावीत, हे बारीच्या ग्रामसभेस ठरवू द्यावे. जाणाऱ्याने दिवेलागणीपूर्वी गावात पोहोचावे, तेथेच जेवावे, निजावे, पहाटे गावातील वाटाड्यासह गुपचूप चढावे आणि नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी. यात साहस उणे होत नाही.

आमच्या वाचकांच्या घरांतूनही पुढील शनिवारी कोणी चिरंजीव किंवा कन्या पाठीस पिशवी लावून निघेल. त्यांस अडवू नये. निघताना मुक्काम कोणाकडे, एवढे विचारावे. आणि परत आल्यावर छायाचित्रे पाहण्याआधी ती पिशवी उघडून पाहावी.