रुपया पडला, कापूस का चढला नाही?

अवमूल्यन म्हणजे परदेशी चलनाच्या तुलनेत सरकारने रुपयाची किंमत उतरवणे. ६ जून १९६६ रोजी ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. १ आणि ३ जुलै १९९१ रोजी, दोन टप्प्यांत, २१ रुपयांच्या आसपासचा डॉलर २६ च्या घरात गेला.

हिशेब सरळ आहे. परदेशात १०० डॉलरना जाणाऱ्या कापसाचे २,१०० रुपये येत होते, तिथे २,६०० यायला हवेत. उलट बाहेरून येणारे पोटॅश आणि खनिज तेल तितकेच महागणार. एका हाताने जाते ते दुसऱ्या हाताने यावे, हा त्यातला न्याय.

१९९१ नंतर आपल्याला तो मिळाला का? महाराष्ट्रात कापूस एकाधिकारात अडकलेला, निर्यात केंद्राच्या कोट्यात. विक्रीचे दार बंद. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाश खतांवरचे दरनियंत्रण उठले. खर्चाचे दार सताड उघडले. ज्वारीला तर परदेशी गिऱ्हाईकच नाही; तिच्या वाट्याला नुसती महागाई.

एकाधिकार संपला, सरकारची खोड गेली नाही. मार्च २०१२ मध्ये एका आदेशाने कापसाची निर्यात अडवली गेली. आता रुपयाचा भाव बाजारात रोज हलतो.

रुपया सावरून धरा, असे आम्ही म्हणत नाही. तो पडेल तेव्हा आमच्या मालाची वाट अडवू नका, एवढीच मागणी आहे. सभेला येताना खताची पावती आणि कापसाची पट्टी आणा. हिशेब तिथेच मांडू.