सैपाकघराला स्टाईल कुठवर?



सोयाबीन-कापसाचा पैसा हाती आला की घराचे काम निघते आणि गवंडी विचारतो, "मालक, सैपाकघराला स्टाईल कुठवर लावायची?" शेजाऱ्याने छतापर्यंत लावलेली असते. मग आपणही म्हणतो, "लाव वरपर्यंत, घर काय रोज रोज बांधतो का!" मीही असेच म्हटले होते. पैसा तिथेच संपला. मोठी खिडकी राहून गेली, हातभर झरोक्यावर भागवले. आज पाहुणे भिंतीचे कौतुक करतात आणि आई चुलीपुढे खोकत बसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

हिशेब साधा आहे. दहा बाय दहाची खोली, उंची दहा फूट. दार-खिडकी वजा केली तरी चार भिंती साडेतीनशे चौरस फुटांच्या वर जातात. आता गरज पाहा. आठ फुटी ओट्यामागे दोन फूट उंच फरशी म्हणजे १६ चौरस फूट. फोडणीचे तेल बहुतेक तेवढ्यातच उडते. मोरीच्या कोपऱ्यात दोन्ही भिंतींना तीन फूट रुंद, चार फूट उंच म्हणजे २४. झाले ४०, तूटफूट धरून ४५. बाकी भिंतीला चुना पुरे. दिवाळीला एक हात फिरवला की काम झाले.

वाचलेला पैसा कुठे घालावा? आधी खिडकीत आणि चुलीवरच्या धुराड्यात. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर घरात आले, तरी पुष्कळ घरांत भाकरी आणि आंघोळीचे पाणी अजून चुलीवरच होते. फरशीवरची काजळी फडक्याने पुसता येते, छातीतली कशी पुसणार? त्यानंतर मोरीचा पाइप थेट शोषखड्ड्यापर्यंत न्या. आत चकाचक भिंत आणि दारात सांडपाण्याचे डबके, याला काय अर्थ आहे?

जुने मातीचे घर असेल तर आणखी जपा. मातीच्या भिंतीला सिमेंटची पकड नीट बसत नाही. वरून फरशी लावली की आतली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही. भिंत आतून पोकळ होते आणि फरशी सुटते. काळ्या जमिनीवरच्या घरात पाया कच्चा असेल तर उन्हाळा-पावसाळ्यात भुई आकसते-फुगते, भिंतीला तडे जातात, फरशीही तडकते. तिथे आधी पाया आणि ओल पाहा, फरशीचे नंतर.

गावच्या कारभाऱ्यांनाही एक विनंती. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे आणि स्वच्छ स्वयंपाकाची जागा त्यातच मोजली आहे. घरकुलाची पाहणी करताना भिंती मोजाच, पण चुलीसमोर खिडकी आहे का, मोरीचे पाणी कुठे जाते, हेही विचारा. लाभार्थ्याने उसने काढून छतापर्यंत फरशी लावायचे मनात आणले, तर दोन शब्द समजावून सांगा.

आणि गवंड्याला उत्तर देण्याआधी घरच्या माऊलीला विचारा. तेल कुठवर उडते, पाणी कुठे साचते, धूर कुठे कोंडतो, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? तिने भिंतीवर कोळशाने रेघ मारावी आणि गवंड्याने तिथवर फरशी लावावी. आमच्या घरी हे झाले नाही. तुमच्या घरी होऊ द्या.