रस्त्याला हमी, घराला नाही

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेल्या रस्त्याच्या कडेला एक फलक उभा असतो. कामाची किंमत, काम पूर्ण झाल्याची तारीख, ठेकेदाराचे नाव आणि देखभालीची मुदत त्यावर लिहिलेली असते. ही मुदत पाच वर्षांची. त्या काळात रस्ता खचला, खड्डे पडले, तर दुरुस्ती त्याच ठेकेदाराने करायची, हे निविदेतच ठरलेले असते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इमारतींच्या कामांनाही दोषदायित्व कालावधी असतो आणि तो संपेपर्यंत ठेकेदाराची अनामत सरकार परत करत नाही. त्याच रस्त्यालगत एखादा निवृत्त शिक्षक भविष्यनिर्वाह निधी, बायकोचे दागिने आणि गृहकर्ज असे सगळे एकत्र करून चाळीस लाखांचा बंगला बांधतो. ठेकेदाराचे त्याच्याकडे काय असते? बहुतेक वेळा वहीत लिहिलेला चौरस फुटाचा दर आणि ‘काळजी करू नका सर, मी आहे ना’ हा शब्द.

सरकार स्वतः ग्राहक असते तेव्हा जे संरक्षण मागून घेते, ते आपल्या नागरिकाला त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या खर्चासाठी मिळू नये, ही गोष्ट चुकीची आहे.

‘रेरा आला, आता नव्या घराला पाच वर्षांची हमी असते,’ असे लोक सर्रास सांगतात. ते खरे आहे, पण फ्लॅट विकत घेणाऱ्यांपुरते. रेरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१६च्या कायद्याच्या कलम १४(३) नुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या ढाच्यात, कारागिरीत, दर्जात किंवा सेवांमध्ये दोष आढळला आणि तो विकासकाच्या नजरेला आणून दिला, तर त्याने तीस दिवसांत, एक पैसाही न घेता तो दूर करायचा. नाही केला तर ग्राहकाला भरपाई मागता येते. महाराष्ट्रात त्याआधी १९६३चा मोफा कायदा होता आणि त्यात हीच मुदत तीन वर्षांची होती. दोषदायित्वाचे हे कलम विक्री करारात बदलता येणार नाही, असेही राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, बजावले आहे. फ्लॅटधारकासाठी ही मोठी सोय आहे आणि तिचा वापर आज होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त व्हायला हवा. अनेक सोसायट्या गळतीची तक्रार बिल्डरच्या माणसाला फोनवर करत राहतात, लेखी नोटीस देतच नाहीत आणि पाच वर्षे उलटून जातात.

स्वतःच्या प्लॉटवर, स्वतःच्या आवडीचे घर बांधून घेणारा मात्र या कायद्याच्या बाहेर राहतो. रेराचा रोख बांधून विकणाऱ्यावर आहे. दुसऱ्याच्या जागेवर मजुरी घेऊन घर उभारणारा ठेकेदार त्या व्याख्येत बसत नाही. छोट्या योजनांनाही सूट आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाच्या नोंदणीची सक्ती नाही. तालुक्याच्या गावी, शहराच्या वेशीवर, जिथे महाराष्ट्रातला मध्यमवर्ग आज घर बांधतो आहे, तिथली बहुतेक बांधकामे या दोन फटींतून निसटतात.

मग बंगलेवाल्याच्या हातात काहीच नाही का? आहे, पण त्यासाठी त्याला स्वतः धावावे लागते. घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्येच स्पष्ट केले, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा नावानिशी उल्लेख आहे. ठेकेदाराला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंत फी लागत नाही आणि २० ते ५० लाखांच्या व्यवहारालाही फक्त एक हजार रुपये फी आहे. वकील लावण्याची सक्ती नाही. अट एकच, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जायचे.

अडचण पुढे येते. ठरले काय होते, हे आयोगापुढे दाखवणार कसे? कराराचा कागद नाही, पैसे अर्धे रोख दिलेले, नकाशा फक्त परवानगीपुरता काढलेला, आरसीसी डिझायनरने सही दिली पण साइटवर पाऊल टाकले नाही. त्यात काम ‘लेबर रेट’वर दिलेले असेल, म्हणजे सिमेंट, वाळू, सळई मालकाने आणायची आणि ठेकेदाराने फक्त मजूर पुरवायचे, तर भांडण सुरू होण्याआधीच हरल्यासारखे असते. स्लॅब गळला की ठेकेदार म्हणतो, ‘सिमेंट तुमचं होतं.’ सिमेंटवाला म्हणतो, ‘पाणी मारलं नसेल.’ दोन-अडीच लाख वाचवण्यासाठी घेतलेला हा मार्ग प्रत्यक्षात मालकालाच बिल्डर बनवतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

हमी किती वर्षांची हवी, हे घरातले दोष कधी दिसू लागतात यावरून ठरायला हवे. गिलाव्याच्या केसासारख्या भेगा पहिल्या उन्हाळ्यातच येतात. त्या बहुधा वरवरच्या असतात. गच्चीचा कोबा आणि संडास-बाथरूमचे वॉटरप्रूफिंग कसे झाले, हे पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात कळते. पाया खचल्याच्या खुणा त्याहून सावकाश दिसतात. सोलापूर, मराठवाडा, विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर साधा पाया घातला की दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघू लागतात आणि दर वर्षी रुंदावत जातात. अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या पाइलचा पाया घालण्याची पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने कित्येक दशकांपूर्वी विकसित केली. तरीही मातीची तपासणी करून पाया ठरवणारे बंगले कमीच आहेत. चाळीस लाखांच्या कामात हा खर्च किरकोळ असतो.

सर्वांत उशिरा उघडा पडतो तो लोखंडाचा गंज, आणि धोका सर्वांत जास्त त्याचाच. काँक्रीटला पाणी कमी मारले गेले, सळईवरचे आवरण पातळ राहिले किंवा मिश्रणात क्षार शिरले, तर सळई आतल्या आत फुगते आणि मग एक दिवस छताचा पोपडा खाली येतो. गुरुग्राममधल्या चिंटेल्स पॅराडिसो या उंच इमारतीत १० फेब्रुवारी २०२२ रोजी वरच्या मजल्यावरची फरशी कोसळली, ती खालच्या मजल्यांना घेऊन आली आणि दोन महिलांचा जीव गेला. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण जास्त आणि सळया गंजलेल्या आढळल्या. इमारत जुनी नव्हती. कोकणात खाडीची वाळू आणि खारे वारे यांची सवय असलेल्यांनी हे प्रकरण मुद्दाम समजून घ्यावे.

महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. सोळा माणसे गेली. इमारतीचे वय होते जेमतेम सहा-सात वर्षे. म्हणजे रेराची पाच वर्षांची मुदत जरी तिला लागू असती, तरी ती तोवर संपून गेलेली असती. रंग, नळ आणि दरवाजांच्या कड्यांसाठी पाच वर्षे भरपूर झाली. पाया, खांब, तुळया आणि स्लॅब यांच्यासाठी मात्र ती मुदत तोकडी आहे. अमेरिकेत नव्या घरांच्या हमीत साधारणपणे कारागिरीला एक वर्ष, वीज-नळाच्या व्यवस्थेला दोन वर्षे आणि मुख्य ढाच्याला दहा वर्षे, अशी विभागणी रूढ आहे. फ्रान्समध्येही ढाच्याची जबाबदारी दहा वर्षांची आहे आणि १९७८ पासून तिच्यासाठी विमा सक्तीचा आहे.

भारताने नीट पाहावा असा अनुभव मात्र जपानचा आहे. तिथे २००० साली कायद्याने नव्या घराच्या मुख्य ढाच्याला आणि पाणी आत न शिरण्याला दहा वर्षांची हमी सक्तीची झाली. विकलेल्या घरालाही आणि मालकाच्या जागेवर बांधून दिलेल्या घरालाही. कागदावर सगळे चोख होते. मग २००५ मध्ये एका वास्तुविशारदाने भूकंपरोधक आकडेमोड खोटी दाखवून इमारती मंजूर करून घेतल्याचे उघड झाले. त्या इमारती विकणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. रहिवाशांच्या हातात दहा वर्षांची हमी होती, पण ती पाळणारा कुणी उरला नव्हता. म्हणून जपानने २००७ मध्ये आणखी एक कायदा केला आणि ऑक्टोबर २००९ पासून प्रत्येक बांधकाम व्यावसायिकाला हमीसाठी एकतर पैसे अनामत ठेवणे किंवा विमा उतरवणे बंधनकारक केले. विमा कंपनी बांधकाम चालू असतानाच घराची तपासणी करते, कारण नंतर पैसे तिलाच मोजावे लागतात. सळई झाकली जाण्याआधी त्रयस्थ माणूस ती बघतो, हा या व्यवस्थेचा खरा फायदा.

आपल्याकडचा ठेकेदार हा बहुतेक वेळा गवंडीकाम करत वर आलेला, भांडवल नसलेला माणूस असतो. तो प्रामाणिक असला तरी दहा वर्षांनी तो याच धंद्यात, याच गावात असेल का, हे त्यालाही सांगता येत नाही. त्याच्यावर नुसती मुदत लादून काही होणार नाही, हमीमागे पैसा उभा राहायला हवा. त्याची बाजूही ऐकायला हवी. काम अर्ध्यावर असताना मालक जिन्याची जागा बदलतो, दर पाडून घेतो, पाणी मारण्यासाठी टँकर मागवायला कुरकुरतो, तीन वर्षांनी कुणालाही न विचारता वर मजला चढवतो आणि भेगा पडल्या की जुन्या ठेकेदाराला धरतो. फ्लॅटच्या करारांतही, बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बाथरूमची फोडाफोड केली तर हमी रद्द होते असे कलम अनेकदा असते आणि ते गैर नाही. हमीत मालकाची कर्तव्येही लिहिलेली असावीत.

अशी व्यवस्था येईपर्यंत घर बांधणाऱ्याने सरकारचाच कित्ता गिरवावा. करार योग्य मुद्रांकावर लेखी करावा आणि आरसीसीचे नकाशे त्याला जोडावेत. प्रत्येक बिलातून पाच टक्के रक्कम मागे ठेवावी, निम्मी पहिल्या पावसाळ्यानंतर आणि निम्मी दुसऱ्या पावसाळ्यानंतर द्यावी. ‘रेट वाढवावा लागेल’ असे ठेकेदार म्हणेल. थोडा वाढू द्यावा. फिनिशिंगला एक वर्ष, गळतीला पाच आणि ढाच्याला दहा वर्षे, असे वेगवेगळे लिहावे. तक्रार लेखी द्यायची, तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च वळता करायचा, हेही लिहावे. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार आरसीसीला किमान एम २० प्रतीचे काँक्रीट लागते. बाजारात बहुतेक वेळा मिळणाऱ्या पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा द्यावा लागतो आणि कडक उन्हाळ्यात चौदा दिवस देणे योग्य मानले जाते. स्लॅबच्या दिवशी भरलेल्या काँक्रीटच्या चाचणी-क्यूबचे २८ दिवसांचे अहवाल, काँक्रीट ओतण्याआधी सळईचे काढलेले फोटो, सिमेंट-लोखंडाची बिले, नळ आणि वायरिंग भिंतीत कुठून गेले त्याचा नकाशा, हे सगळे एका फाइलमध्ये ठेवावे. पुढे आयोगापुढे उभे राहायची वेळ आली, तर हीच फाइल बोलेल.

काही गोष्टी मात्र एकट्या मालकाच्या आवाक्यातल्या नाहीत. बँका घराचे कर्ज टप्प्याटप्प्याने देतात आणि प्रत्येक हप्त्याआधी त्यांचा मूल्यांकनकार साइटवर येतो. काम किती टक्के झाले, एवढेच तो बघतो. दोषदायित्वाचे कलम असलेला करार आणि क्यूबचा अहवाल पाहिल्याशिवाय पुढचा हप्ता सोडायचा नाही, असा नियम बँकांनी केला तर त्यांचे तारणही सुरक्षित होईल. राज्य सरकारने बांधकाम परवानगीबरोबर सोप्या मराठीतला नमुना करार द्यावा, छोट्या ठेकेदारांची जिल्हावार नोंदणी सुरू करावी आणि ढाच्याच्या दहा वर्षांच्या हमीमागे विमा उभा करण्याचे काम हाती घ्यावे. रस्त्याच्या ठेकेदाराला जबाबदार धरणारी यंत्रणा सरकारकडे आधीच आहे, त्यामुळे हे अशक्य म्हणता येणार नाही.

ज्यांचे भूमिपूजन या वर्षी ठरले आहे, त्यांनी पाया खणण्याआधी ठेकेदार आणि आरसीसी डिझायनर या दोघांना एका संध्याकाळी समोरासमोर बसवावे, कुठल्या दोषाची जबाबदारी कुणाची आणि किती वर्षे हे लिहून काढावे, आणि दोघांच्या सह्या झाल्यावरच पहिला हप्ता द्यावा.